गॉगल जरूर घ्या, पण सुईच्या दिवशी पहिल्यांदा नको

गडहिंग्लजकडच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा ८ वर्षांचा. ब्लड कॅन्सर, त्यातला ए.एल.एल. प्रकार. उपचार कोल्हापुरात, तिसरा महिना चालू. छातीत पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली ठेवलेली छोटी डबी, बसवलाय, तरी सुई दिसली की चौघांना धरावं लागतं. केमोच्या डोसच्या आदल्या रात्रीपासूनच उलट्या होतात. पुण्याचा मामा व्हीआरचा गॉगल, म्हणजे डोळ्यांवर चढवला की चहूकडे चित्रातलंच जग दिसतं तो, पाठवतो म्हणतोय. घ्यावा का, दुखणं खरंच कमी होतं का, उलट्या थांबतील का, आणि डोळ्यांचं काय?

ताई, मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात परिचारिका म्हणून १९ वर्षं काढली, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं हा गॉगल आमच्या ट्रेमध्ये स्पिरिटच्या बोळ्यांशेजारी असतो. औषधाचं आणि मात्रेचं तुमचे डॉक्टर सांगतील. सुईच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं, एवढ्यापुरतं मात्र मी खात्रीनं बोलू शकते.

मामाला हो म्हणा. पण गॉगल आला की तो पिशवीत टाकून थेट पुढच्या डोसला येऊ नका. का, ते सांगते, आणि त्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल.

सुरुवातीच्या काळातली गोष्ट. नऊ वर्षांचा मुलगा, अगदी तुमच्या मुलासारखा, सुई म्हटली की वॉर्ड डोक्यावर घ्यायचा. गॉगल घातला आणि पोरगं पहिल्यांदाच शांत झालं. समुद्राच्या तळाशी मासे मोजत बसलं. मला वाटलं, काम झालं. मी त्याला न सांगता पोर्टला सुई लावली. सुई बरोबर बसली, रक्त परत आलं, सगळं कसं पुस्तकात असतं तसं. पण पोरानं किंकाळी फोडली, गॉगल ओरबाडून काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की ते मी विसरलेले नाही. त्यानंतर त्यानं गॉगलला हात लावला नाही. महिनाभरानं त्याची आई म्हणाली, "सिस्टर, आता आंघोळीला डोक्यावर पाणी घातलं तरी डोळे मिटत नाही. साबण गेला तरी उघडेच ठेवतो."

डोळे झाकले की कुणीतरी टोचतं, हे मी त्याला शिकवलं होतं. गॉगलनं नव्हे, मी.

ए.एल.एल.चा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. पोर्टची सुई, बोटाचं रक्त, मांडीतलं इंजेक्शन, पाठीतलं पाणी काढणं, हे सगळं मोजलं तर टोचण्याची गणती कुठल्या कुठे जाते. त्यात एका सुईपुरतं मुलाला फसवून जिंकलं, तर उरलेल्या सगळ्या सुयांना आपण हरतो. म्हणून आमच्याकडे आता नियम आहे: गॉगल डोळ्यांवर असताना मुलाला न सांगता काही म्हणजे काही करायचं नाही. साधा चिकटपट्टीचा कागदसुद्धा ओढायचा नाही.

आता ते चौघांनी धरण्याचं. गॉगलचा विषय नंतर, हा आधी. मुलाला उताणं पाडून हातपाय दाबले की दुखणं वाढतं, कारण त्यात भीती मिसळते. पुढच्या वेळी सिस्टरना सांगा, याला माझ्या मांडीवर बसवूनच लावा. तुम्ही खुर्चीवर टेकून बसायचं, तो तुमच्या मांडीवर, पाठ तुमच्या छातीला. तुमचा एक हात त्याच्या पोटावरून, दुसरा त्याच्या हाताच्या पंज्यावर. पोर्ट समोर मोकळा राहतो, मूल बसलेलं राहतं. बसलेल्या मुलाला आपण अजून कुणीतरी आहोत असं वाटतं. आडवं पाडलं की ते गेलं. पहिल्यांदा सांगितलं तर एखादी सिस्टर कुरकुर करेल. करू द्या. दुसऱ्यांदा तीच म्हणेल, मांडीवर घ्या.

दुसरी गोष्ट, बधिर करणारी क्रीम. लिडोकेन आणि प्रिलोकेनची मिळते. सुईच्या किमान तासभर आधी पोर्टच्या जागी जाडसर थर द्यायचा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची. चोळून जिरवायची नाही. गडहिंग्लजहून निघताना घरातून लावली तर इथे येईपर्यंत वेळ चुकू शकतो, म्हणून कितीला लावायची ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. घाईत दहा मिनिटं आधी लावलेली क्रीम म्हणजे नुसतं लोणी फासल्यासारखं. गॉगल या क्रीमच्या जोडीला आहे, क्रीमच्या जागी नाही. आमच्याकडे काही पालक हौसेनं म्हणतात, "आता क्रीमची गरज नाही ना?" आहे.

गॉगल नेमकं काय करतो? खासबागेत कुस्ती रंगात आली की पैलवानाला गुडघा फुटलेला कळत नाही. आखाड्याबाहेर आला, फेटा बांधला, की मग लंगडायला लागतो. जखम तीच, पण लक्ष दुसरीकडे होतं. मेंदूकडे लक्ष देण्याची ताकद मोजकी असते. ती एका कामात गुंतली की दुखण्याच्या वाट्याला कमी येते. साध्या मोबाईलवरच्या कार्टूननंही हे होतं, पण मोबाईलच्या कडेनं सुई, ट्रे, पांढरे कोट दिसत राहतात. गॉगल ते सगळं झाकतो, आणि मान वळवली तरी तेच जग दिसतं.

याचा पहिला मोठा उपयोग कॅन्सरच्या नव्हे, भाजलेल्या रुग्णांवर झाला. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी ड्रेसिंग बदलताना रुग्णांना गॉगलमधून बर्फाच्या दरीत नेलं. तिथे बर्फाचे गोळे करून स्नोमॅन आणि पेंग्विनवर मारायचे. भाजलेल्याला बर्फ दाखवायची ही कल्पना मला अजून आवडते. २००४ साली त्यांनी निरोगी माणसांना चटका देऊन मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा गॉगल असताना दुखण्याशी संबंधित पाच भागांतली हालचाल स्पष्टपणे कमी झालेली दिसली. म्हणजे पोरगं नुसतं गप्प बसलेलं नसतं, त्याला खरंच कमी दुखतं.

कॅन्सरच्या मुलांवर त्याच वर्षी अमेरिकेतल्याच अटलांटात काम झालं, तेही नेमकं पोर्टला सुई लावतानाचं. मुलांचे तीन गट केले. एकाला गॉगलमध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयातले गोरिला दाखवले, दुसऱ्याला तेच गोरिला साध्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, तिसऱ्याला काहीच नाही. काहीच नसलेल्या मुलांपेक्षा गॉगलवाल्या मुलांची नाडी कमी धावली. पडद्यावाल्यांशी तुलना केली तेव्हा मात्र फरक तितका ठळक नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण यातच तुमच्या पैशाचा हिशेब आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेनं मुलांच्या तात्पुरत्या दुखण्यावर व्हीआरच्या १७ चाचण्या, हजारावर मुलं, एकत्र करून पाहिल्या. निष्कर्ष सावध होता: काही ठिकाणी फायदा दिसतो, पण पुरावा कच्चा आहे. मुलाला गॉगल घातलाय हे सगळ्यांनाच दिसतं, त्यामुळे कुणाला काय दिलं हे लपवून चाचणी घेता येत नाही, हीही त्यातली एक अडचण.

माझा वॉर्डातला अनुभव या दोन्हींच्या मधला. काही मुलांना नाद खुळा फरक पडतो. काहींना साबणाचे बुडबुडे फुंकण्यानं तेवढाच पडतो, आणि ती बाटली वीस रुपयांना मिळते. साधारण पाच वर्षांखालची मुलं तर डोळ्यांवर काही चढवायलाच घाबरतात. त्यांना भिंगरी, बुडबुडे, आईचं गाणं. तुमचा ८ वर्षांचा आहे, गॉगलला हे वय चांगलं. पण त्याला नको वाटलं तर नको. "मामानं एवढे पैसे घातलेत" हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारू नका.

बाजारात कुणी सांगेल, याला अमेरिकेत सरकारी मान्यता आहे. ते अर्धं खरं आहे. २०२१ साली तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, एका व्हीआर उपकरणाला परवानगी दिली, पण ती मोठ्या माणसांच्या जुनाट कंबरदुखीसाठी. तुमच्या मुलाच्या पोर्टशी तिचा संबंध नाही.

आता उलट्यांचं. यात दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली येतात. डोस चढल्यावरची मळमळ औषधामुळे येते. ती थांबवायला ऑनडान्सेट्रॉनसारखं औषध वेळेवर लागतं आणि गॉगलनं ती थांबत नाही. उलट दृश्य हलतं असेल तर वाढते. डोळे म्हणतात आपण पळतोय, कान म्हणतात आपण खुर्चीत बसलोय, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. आंबोलीच्या घाटात मागच्या सीटवर बसून मोबाईल बघितल्यावर होतं तेच.

तुमच्या मुलाला आदल्या रात्री उलटी होते, म्हणजे औषध अंगात जायच्या आधीच. ही दुसरी गोष्ट. शरीरानं हॉस्पिटल आणि मळमळ यांची गाठ बांधून टाकली आहे. बॅग भरताना दिसली, फिनेलचा वास आला, एवढंच काय, डोसच्या दिवशी तुम्ही नेसता ती साडी दिसली, तरी पोट उचलतं. मूल नाटक करत नाही. घरात आजी-आजोबा "लाडावलंय" म्हणत असतील तर त्यांना हे वाचून दाखवा. आणि डॉक्टरांना आठवणीनं सांगा, "डोसच्या आधी उलट्या होतात." नुसतं "उलट्या होतात" म्हटलं तर ते नंतरच्या धरतात. आधीच्या उलट्यांसाठी आदल्या रात्री द्यायची वेगळी औषधं असतात, आणि मुळात डोसनंतरच्या उलट्या पक्क्या आवरल्या तर ही गाठ सैल होत जाते.

याच गाठीची एक जुनी चाचणी आहे, तीही सिएटलचीच. १९७८ साली इलीन बर्नस्टीन यांनी मुलांना केमोच्या आधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे तीच मुलं त्या आइस्क्रीमला नको म्हणू लागली. मी त्यातून एवढंच घेतलं: डोसच्या दिवशी सकाळी मुलाच्या सगळ्यात आवडीचं खायला करू नका. बिचारी आई पहाटे उठून शिरा करते, की आज तरी नीट खाऊ दे. आणि चार डोसांनंतर पोरगं शिऱ्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवतं. आवडीचं असेल ते दोन दिवसांनी. डोसच्या दिवशी साधी पेज, भात, जे आवडतं नाही आणि नावडतंही नाही.

आणि आता कळेल, की गॉगल पहिल्यांदा सुईच्या दिवशी का नको. तो फक्त सुईच्या आधीच बाहेर निघाला तर त्याचाही शिरा होईल. गॉगलची पिशवी दिसली की उलटी.

म्हणून आधी घरी. ज्या दिवशी डोस नाही, रक्त तपासणी नाही, पोटात काही ढवळत नाही, अशा दिवशी. पहिल्यांदा तुम्ही घाला आणि त्याला तुमची मजा बघू द्या. आई आंधळ्या कोशिंबिरीसारखी हात हवेत फिरवते हे बघून हसला की अर्धं काम झालं. मग तो. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, बसून. तीन-चार दिवस असं खेळणं म्हणूनच राहू दे. मग एक दिवस गॉगल घातलेला असताना त्याला सांगून छातीवर ओल्या कापसाचा बोळा फिरवा: "आता गार लागेल." पुढच्या वेळी बोटानं हलकं दाबा: "आता दाबते." त्याला कळलं पाहिजे की गॉगलच्या आत असलो तरी बाहेरचं माणूस सांगूनच हात लावतं. डोस संपल्यावरही मधल्या दिवसांत तो खेळायला काढत राहा.

सुईच्या दिवशी सिस्टरशी आधी बोलून घ्या आणि त्याच्यासमोर ठरवा, की टोचताना सांगायचं की नाही. हा प्रश्न त्यालाच विचारायचा. काही मुलं म्हणतात, एक-दोन-तीन म्हणा. काही म्हणतात, सांगू नका पण आधी पायाला हात लावा. कागलकडचा एक पोरगा म्हणाला होता, "चांगभलं म्हणा आणि टोचा." आमची सगळी खोली म्हणायची, जोतिबाच्या नावानं चांगभलं, आणि सुई आत. त्याच्या दोन वर्षांत मी हे किती वेळा म्हटलं असेल, जोतिबालाच माहीत. "सांगू नका" म्हटलं तरी ते त्यानं निवडलेलं असतं, माझ्या त्या चुकीत आणि यात हाच फरक आहे.

गॉगल सुईच्या पाच मिनिटं आधी घाला. एकदम ऐन वेळी नको, त्याला आत शिरायला वेळ लागतो. सुई लागल्यावर लगेच काढू नका, पाच मिनिटं राहू द्या, म्हणजे शेवटची आठवण सुईची न राहता आतल्या जगाची राहते. आणि या सगळ्या वेळात तुमचा हात त्याच्या अंगावर हवा. गॉगल सुई झाकतो तसा तुमचा चेहराही झाकतो, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. त्याला तुम्ही दिसत नसता. हात फिरवत राहा, बोलत राहा, "आता काय दिसतंय रे?" विचारत राहा. नुसत्या मायेचाच हा प्रश्न नाही. मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं, की मणक्यात दुखण्याच्या वाटेवर एक फाटक असतं आणि चोळण्याचा स्पर्श त्यातून आधी शिरला तर दुखण्याला वाट अरुंद होते. आपल्याकडे पडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते, ते शास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं.

आत काय दाखवायचं? यावर आम्ही खूप आपटलोय. कुणीतरी हौसेनं जोतिबाच्या चैत्र यात्रेचा व्हिडिओ आणला होता. गुलाल, सासनकाठ्या, गर्दीतून हलत जाणारा कॅमेरा. तीन मिनिटांत पोरगं भडभडा ओकलं. रंकाळ्यातल्या होडीचंही तेच. तेव्हापासून नियम: कॅमेरा जागेवर स्थिर हवा, हलायचं ते समोरच्यांनी. रंकाळ्याच्या काठावर तिकाटण्यावर ठेवलेला कॅमेरा, समोर पाणी, बदकं, पहाटेचं धुकं, हे चालतं. दाजीपूरच्या जंगलात लांब गवे चरतायत, हेही चालतं. अटलांटाच्या पोरांना गोरिला, आमच्या पोरांना गवा. एका मुलाला तर फक्त म्हशी बघायच्या होत्या. त्याच्या काकानं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं राहून चित्रण करून आणलं, धारा काढतानाचं. समुद्र, डायनासोर सगळे मागे पडले. पोरगं एकेक म्हैस बघून सांगायचं, ही किती लिटर देत असणार.

घरचं चित्रण मात्र जपून. राधानगरीकडची एक मुलगी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यामुळे बरेच दिवस वेगळ्या खोलीत होती. तिच्या भावानं घर, गोठा, शाळेचं मैदान असं सगळं चित्रित करून पाठवलं. आम्हाला वाटलं, खूश होईल. ती गॉगलच्या आतच रडायला लागली आणि तो काढूही देईना. दुसऱ्या दिवशी परत तेच मागितलं, परत रडली. तिला तेच हवं होतं, असं तिची आई म्हणाली, आणि मला वाटतं ती बरोबर होती. पण सुईच्या वेळी असलं काही लावू नका.

खेळ की नुसतं दृश्य? हातात काही करायला असेल तर लक्ष जास्त गुंततं. पण ज्या हातात सलाईन आहे त्या हातानं गोळे फेकायला लागला तर शीर गेली म्हणून समजा. तुमच्याकडे पोर्ट आहे, तरी सुई लावताना छाती स्थिर हवी. मान किंवा नजर वळवून खेळता येतील असे खेळ निवडा, दोन्ही हात मांडीवर.

पाठीतलं पाणी काढताना, किंवा त्यातून औषध देताना, मुलाला कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन वळवतात. गुंगी देणार असतील तर गुंगीच्या औषधाआधीच गॉगल काढून ठेवायचा. काही औषधांनी आधीच भास होतात, त्यावर आणखी गवे नकोत. त्याआधी बाहेर थांबताना घातला तर चालेल, खरं तर तिथेच तो सगळ्यात उपयोगी पडतो. वाट बघणं हे मुलांना सुईपेक्षा वाईट असतं. एमआरआयच्या खोलीत गॉगल कधीच न्यायचा नाही, तिथे प्रचंड चुंबक असतो. रेडिएशनची वेळ आली आणि त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठावी लागली, तर तिथल्या यंत्राच्या खोलीत मूल एकटंच असतं. आत गॉगल नाही चालत, पण आधी कुणी त्या खोलीचा व्हिडिओ गॉगलमध्ये दाखवला तर पहिल्या दिवशीची दहशत कमी होते. विचारून बघा.

तोंड येणं, विनक्रिस्टीन या केमोच्या औषधानं पायात मुंग्या आणि जबडा दुखणं, स्टेरॉईडची ती राक्षसी भूक आणि चिडचिड, यांवर गॉगलचा भरवसा धरू नका. घटकाभर विसर पडतो, एवढंच. पाऊल लोंबायला लागलंय किंवा चालताना अडखळतोय असं दिसलं तर गॉगल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांचं विचारलंत. दहा-पंधरा मिनिटं घातल्यानं डोळे कायमचे बिघडतात असा पुरावा नाही. पण कंपन्या स्वतःच वयाची अट घालतात: मेटाची अट १० वर्षं आहे, २०२३ आधी ती १३ होती, आणि सोनीची १२. हॉस्पिटलांतले अभ्यास याहून लहान मुलांवरही झालेत, पण समोर माणूस उभं ठेवून आणि थोडा वेळ. तुमचा ८ वर्षांचा, म्हणून डॉक्टरांना विचारून, एका वेळी पंधरा मिनिटांच्या आत, आणि कधीही एकट्यानं नाही. ही यंत्रं मोठ्यांच्या मापाची. मुलांच्या दोन बाहुल्यांतलं अंतर कमी असतं, त्यामुळे धूसर दिसून डोकं दुखू शकतं. "अंधुक दिसतंय" म्हणाला तर भिंगांमधलं अंतर सगळ्यात कमी करून बघा, तरीही तसंच असेल तर सोडून द्या. वजन अर्धा किलो भरतं. स्टेरॉईडनं सुजलेल्या चेहऱ्यावर आणि केस गेलेल्या डोक्यावर पट्टा काचतो. पातळ सुती टोपी घालून वर पट्टा बांधा. प्लेटलेट कमी असतील तर पट्टा आणखी सैल.

फिट येण्याचा इतिहास असेल, मेंदूत गाठ असेल, डोक्यात पाणी काढायची नळी म्हणजे शंट असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय गॉगल नाही. काही शंट चुंबकानं जुळवतात आणि या यंत्रांत चुंबक असतात. तुमच्या मुलाला हे नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या मुलाला असेल, आणि मुलं गॉगल एकमेकांना देतात.

देऊ नका. हे वाईट वाटेल, पण पेशी पडलेल्या असताना दुसऱ्याच्या घामाचा स्पंज डोळ्यांना लावायचा म्हणजे ताप घरी बोलवायचा. चेहऱ्याला टेकतो तो भाग स्पंजचा नको, पुसता येणाऱ्या सिलिकॉनचा हवा. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर निर्जंतुक करणाऱ्या ओल्या कागदानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. भिंगांना स्पिरिट लावू नका, त्यांवरचा थर जातो. कोरडं मऊ कापड पुरे. वॉर्डातला गॉगल मिळाला तर सिस्टरला बिनधास्त विचारा, पुसलाय का? आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारा.

महागडं यंत्र परवडत नसेल तर काही शे रुपयांचा पुठ्ठ्याचा डबा मिळतो, त्यात आपलाच मोबाईल घालायचा. दर्जा साधा, पण स्थिर दृश्य बघायला पुरतो. फक्त फोन विमान मोडवर टाका आणि व्हिडिओ आधी उतरवून ठेवा. आमच्या एका पेशंटला समुद्राच्या तळाशी, ऐन सुईच्या वेळी, गॅस एजन्सीचा फोन आला होता. आणि फोन तापतो, तर दहा मिनिटांनी काढाच.

पुढचा डोस कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. आठवड्याच्या आत असेल तर यावेळी गॉगल सोडा. मांडी, क्रीम आणि बुडबुडे एवढ्यावर भागवा, आणि सुईनंतर त्याला चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवायला सांगा, हसरा शून्य आणि रडका दहा. तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. गॉगलसोबतच्या पहिल्या सुईचाही लिहा. तीन-चार वेळांनंतर आकडा हललाच नाही तर मामाला गॉगल परत पाठवायला लाजू नका. आणि मामाला आजच सांगा, सिलिकॉनचा कव्हर वेगळा मागवावा लागतो, खोक्यात येतो तो बहुधा स्पंजचाच असतो.